चौदा सील आणि अँब्रोजची ध्वनिफीत

"आज सीलांना असा धडा शिकवतो, की पुन्हा पुलाखाली मिशीसुद्धा दाखवणार नाहीत," असे अँब्रोजने न्याहारीलाच जाहीर केले. डेल्फीनने तळलेल्या पावाला मुरंबा लावणे थांबवले नाही. ह्या नवऱ्याच्या प्रतिज्ञा तिने चाळीस वर्षे ऐकल्या होत्या.

नदीच्या मुखावरच्या त्या गावात हंगामाचा पहिला सॅमन सर्वांनी वाटून खायचा आणि त्याची हाडे सन्मानाने नदीला परत द्यायची, असा रिवाज होता. दोन वर्षे समुद्रातून मासाच नदीत न परतल्यामुळे तो खुंटला. नव्वदीतल्या फिलोमिनामावशींचे एकच मागणे होते: आणखी एकदा ह्या हातांनी हाडे सोडायची. म्हणून अँब्रोजने दीड वर्ष तळ्यात सॅमनची पिल्ले वाढवली. परंतु दर वर्षी पिल्ले समुद्राकडे निघाली, की अरुंद पुलाखाली चौदा सील पंगतीला बसल्यासारखे हजर असत. आणि वीतभर पिल्लू गिळायला सीलला जांभईइतकेच श्रम पडतात.

उपाय त्याने तर्काने काढला होता. सीलला ऑर्का देवमासा खातो. सबब सील ऑर्काला भितो. सबब ऑर्काचा आवाज ऐकवावा. तरुणपणी होडीतून टिपलेली ध्वनिफीत घरात होतीच.

"कुठले ऑर्का होते ते?" डेल्फीनने विचारले.

"ऑर्का म्हणजे ऑर्का. त्यात कुळी काय बघायची?"

ओहोटी लागली. डेल्फीन तळ्याचे तोंड अडवणाऱ्या फळीपाशी उभी राहिली, मावशी पुलावर खुर्ची टाकून बसल्या, गाव कठड्याला टेकले. अँब्रोजने पलीकडच्या काठाला होडी बांधून भोंगा पाण्याकडे वळवला. देवमाशांच्या शिट्ट्या घुमल्या. सील हलले नाहीत. एक तर उताणा होऊन पोट खाजवू लागला.

"अरे, हे मासे खाणारे ऑर्का," मावशी वरून म्हणाल्या. "सीलांना ते शेजाऱ्यांसारखे. सील खाणारे येतात ते मुकाट येतात, तुझ्यासारखी दवंडी पिटत नाहीत."

"हे आधी का नाही सांगितलंस, मावशी?"

"तू विचारलंस कधी? तीन आठवडे तूच आम्हाला सांगत होतास."

अँब्रोज यंत्र बंद करू गेला, तो गंजलेली कळ त्याच्या हातात आली. देवमासे संपले आणि त्याच फितीवर बावीस वर्षांचा अँब्रोज गाऊ लागला: डेल्फीनसाठी रचलेले गाणे, ताल वल्ह्याचा, सूर कुणाचाच नव्हे. अँब्रोजने भोंग्यावर कोट टाकला, मग स्वतःच ओणवा झाला.

"बाजूला हो, मेल्या," मावशी म्हणाल्या. "ते बघ."

चौदाही सील पूल सोडून निघाले होते. होडीभोवती कडे करून, माना उंचावून, ओल्या डोळ्यांनी ते ऐकत राहिले. डेल्फीनने फळी उचलली. रुपेरी लोंढा पुलाखालून वाहू लागला. आणि निम्मी पिल्ले तळ्यातच असताना फीत संपली. एका सीलने मान वळवली.

"दुसरं कडवं, अँब्रोज," डेल्फीन तळ्यावरून ओरडली.

साऱ्या गावादेखत, कोट छातीशी धरून, साठी उलटलेला अँब्रोज गायला. शेवटचे पिल्लू खाऱ्या पाण्यात शिरेपर्यंत तो थांबला नाही.

"म्हणजे आता ते परतेपर्यंत, दीड वर्ष, मला मरायची सोय नाही," मावशी पुटपुटल्या.

काठावर डेल्फीनने हात देऊन त्याला वर ओढले आणि हात सोडला नाही.

"बघितलंस? भरलं ताट सोडून आले ऐकायला," तो म्हणाला.

"चाळीस वर्षांपूर्वी मीही तशीच आले होते," ती म्हणाली. "वाटलं, कुणीतरी जाळ्यात अडकून विव्हळतंय."