खडूसाहेबांचा हिटर

"तिसरा! तिसरा हिटर फोडला याने!" खडूसाहेब काचेच्या टाकीसमोर उभे राहून ओरडले. हातात फुटक्या हिटरचं वरचं टोक होतं. खालचा भाग टाकीच्या तळाशी गोट्यांत पडला होता आणि त्याच्या शेजारी वीतभर लांबीचा, काळ्या-केशरी रंगाचा मासा शांतपणे तोंड उघडत-मिटत होता.

"प्लग काढलात ना आधी?" स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं.

"काढला! मला शिकवू नकोस. आणि हे बघ, हे जावईबापू बघ. काडीची लाज आहे का तोंडावर?"

माशाचं हे नाव खडूसाहेबांनीच रागाच्या भरात ठेवलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा "पंधरा दिवस सांभाळा" म्हणून मासा ठेवून गेली. पंधरा दिवस काही संपले नाहीत. लेकीचं लग्नही ठरेना. तेव्हा एक दिवस खडूसाहेब कडाडले, "आपल्या नशिबात हाच जावई! खातो, रुसतो आणि वस्तू फोडतो." नाव चिकटलं. तरी रोज सकाळी खुर्ची टाकीजवळ ओढून ते वर्तमानपत्र त्याच्याच शेजारी वाचत, आणि बातमी वाईट असली की त्यालाच सुनावत. हे मात्र त्यांनी कोणाजवळ कबूल केलं नसतं.

खडूसाहेबांचं स्वतःचं नावही कारखान्यातलं. चाळीस वर्षं ते तिथे तपासनीस होते. खिशात लाल खडू. सुटा भाग हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, खोट असेल तिथे लाल गोल काढून त्यात फुली मारायची आणि पुढे जायचं. बोलायचं नाही. ज्याचं काम त्याला कळतं, असा त्यांचा नियम. कामगार तोंडावर खडूसाहेब म्हणत आणि पाठीमागे त्यात एक 'स' जास्त घालत. चाळीस वर्षं असा गिळलेला राग ते निवृत्तीनंतर घरात काढत होते.

हिवाळा ऐन भरात होता. खोलीत एकोणीस अंश. हा मासा उष्ण पाण्यातला, त्याला सव्वीस तरी हवेत. खडूसाहेबांनी मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"काका, एवढा मोठा मासा टाकीत हिटर ठेवूच देत नाही. त्याला बाहेरचा हिटर लागतो, नळीत बसणारा. मागवतो, पंधरा दिवसांत येईल."

"पंधरा दिवसांत तो बर्फ होईल! मी घरी करतो."

"नको काका. ते जमायचं नाही तुम्हाला."

झालं. आगीत तेल पडलं. खडूसाहेबांनी फोन असा ठेवला की टेबलावरचा चष्मा उडाला.

खरं तर कल्पना अगदी सोपी होती. टाकीखालच्या कपाटात फिल्टर असतो. तो टाकीतलं पाणी खाली ओढून घेतो, गाळतो आणि नळीतून परत वर पाठवतो. त्या परतीच्या वाटेवरच हातभर लांबीचा जाड पाइप बसवायचा आणि हिटर त्या पाइपात घालायचा. पाणी जाता जाता तापेल आणि मासा हिटरला तोंड लावू शकणार नाही. बिघाड झाला तर वीज आपोआप तोडणारा स्विच खालच्या मजल्यावरच्या वायरमननं बसवून दिला. त्यानंच एक छोटी डबीही दिली. तिच्यातून एक काळी वायर निघत होती आणि वायरीच्या टोकाला शेंगदाण्याएवढी धातूची टोपी होती.

"ही टोपी पाण्यात सोडा," वायरमन म्हणाला. "पाणी सव्वीसच्या खाली गेलं की डबी हिटर चालू करेल, सव्वीस झालं की बंद. टोपी पाण्यात, बरं का."

"मला दोनदा सांगायची गरज नाही!"

दोन दिवस न्हाणीघर बंद राहिलं. आत बादली, पाइप, करवत आणि खडूसाहेबांचा आवाज. पाइपाच्या तोंडाशी पाणी गळत होतं. रबर पातळ पडत होतं. जाड, गोल, उष्णता सोसणारं रबर घरात कुठे असेल, याचा त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि उठून स्वयंपाकघरात गेले.

संध्याकाळी काकूंनी कुकर लावला. वाफ चहूबाजूंनी सुटली, शिट्टी काही होईना. काकूंनी झाकण उघडून आत बघितलं आणि मग न्हाणीघराच्या दारावर थाप मारली.

"अहो, कुकरची रिंग कुठे आहे?"

आत बादली सरकल्याचा आवाज झाला.

"अहो!"

"गळती थांबली," आतून आवाज आला.

"आणि माझी डाळ? ती कच्चीच खायची का? माझ्या कुकरची रिंग कापलीत तुम्ही?"

"माशाच्या जिवापुढे तुला कुकर सुचतो?"

"माशाला सव्वीस अंश आणि मला कच्ची डाळ! वा रे न्याय!"

त्या रात्री डाळ दोन तास उकळत होती आणि काकू तिच्याहून जास्त.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाइप कपाटात बसवायचा होता. ती काळी वायर सारखी हातात घुटमळत होती. खडूसाहेबांनी ती वैतागून बाजूला घेतली आणि कपाटावर जी इंटरनेटची पेटी कामापुरती बंद करून ठेवली होती, तिच्या मागे तात्पुरती खोचून दिली. कारखान्यात 'तात्पुरतं' हा शब्द कानावर पडला की त्यांचा खडू आपोआप खिशाबाहेर येई. पण आज हात पाण्यात होते आणि डोकं रागात.

काम झालं. आता तपासणी. इथे खडूसाहेबांचा दुसरा नियम आडवा आला: जो बनवतो त्यानं तपासायचं नाही. घरात दुसरं माणूस एकच. त्यांनी सतरा मुद्द्यांची यादी आणि लाल खडू काकूंच्या हातात दिला.

काकूंनी उभ्या उभ्या सतरा बरोबरच्या खुणा केल्या आणि यादी परत दिली.

"न बघता? न बघता सही?" खडूसाहेबांच्या कपाळावरची शीर उडू लागली. "अशा सहीवर मी माणसं घरी पाठवली आहेत!"

"मला पाठवा ना. माहेरी कुकर धड आहे."

"नीट बघ!"

काकू पदर खोचून खाली वाकल्या. पाइप बघितला, नळ्या बघितल्या, आपल्या रिंगकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग विचारलं, "ही काळी वायर कुठे जाते?"

"ते यादीत नाही."

"यादीत नाही म्हणूनच विचारतेय."

"तपासनिसानं यादीबाहेर जायचं नसतं! ठेव तो खडू."

काकूंनी खडू ठेवला नाही. कमरेला खोचला आणि गेल्या.

पेटीचा प्लग परत लागला, स्विच चालू झाला. डबीवर आकडा उमटला: एकोणीस. हिटरचा लाल दिवा लागला. पाव तासात आकडा सत्तावीसवर गेला आणि दिवा विझला.

"पाव तासात! बोलाव त्या दुकानदाराला!" खडूसाहेब आनंदानंसुद्धा ओरडतच.

काकूंनी टाकीवर चिकटवलेला थर्मामीटर बघितला. "इथे वीस आहे."

"तो खोटा आहे." थर्मामीटर उतरवला, टेबलावरचा दुसरा खडू घेऊन त्यावर लाल फुली मारली. वायरमनकडून दुसरा आणला. वीस. फुली. हार्डवेअरच्या दुकानातून तिसरा आणला. साडेएकोणीस.

"अहो, हा तर कमीच झाला."

"हलकी जात! आजकाल धड वस्तू बनवतच नाहीत कोणी!" तिसरी फुली.

डबी मात्र ठाम होती. सत्तावीस. सत्तावीस. सत्तावीस. आणि जावईबापू तळाशी गोट्यांवर आडवे होत होते. दाणे तोंडासमोरून खाली जात होते आणि ते बघतही नव्हते.

रविवारी सकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. रोज ती आधी माशाला हाक मारी, मग आईबापाला. आज हाक मारून थांबली.

"बाबा, त्याचा रंग काळवंडलाय. पाणी किती आहे?"

"सत्तावीस."

"थर्मामीटर दाखवा."

"थर्मामीटर खोटे आहेत."

"किती आहेत?"

"तीन."

"तिन्ही खोटे? बाबा, तीन विरुद्ध एक. बहुमत आहे."

"तपासणीत बहुमत नसतं!"

लेक हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तो जगायचा नाही असा. आज संध्याकाळी त्याला त्या दुकानात नेऊन ठेवा. त्यांच्याकडे गरम टाकी आहे. मी त्या दुकानदाराशी बोलते."

खडूसाहेबांची मान टाकीकडे वळली. त्याच दुकानात? "जमायचं नाही तुम्हाला" म्हणणाऱ्याच्या हातात? आणि उद्या सकाळी वर्तमानपत्र वाचायचं ते कोणाशेजारी?

"सगळं या इंटरनेटनं बिघडवलंय!" ते गरजले. "घरात माणसं कमी पडली म्हणून भिंतीतून लोक येऊन मला अक्कल शिकवतात!" आणि त्यांनी पेटीचा प्लग खसकन उपटला. लेक तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठली, मग नाहीशी झाली.

खडूसाहेब धपकन खुर्चीत बसले. पाच मिनिटांनी डबीवर त्यांची नजर गेली. सव्वीस. मग पंचवीस. खट् आवाज झाला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तो लाल दिवा लागून तसाच राहिला.

दुपारपर्यंत चौथा थर्मामीटर, जो काकूंनी गुपचूप आणून टाकीवर लावला होता, चोवीस दाखवू लागला. तीन वाजता सव्वीस. जावईबापू उठले, एक गोल चक्कर मारली आणि काचेवर तोंड आपटून खाणं मागितलं.

"बघितलंस?" खडूसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "इंटरनेटच्या लहरी! पाणी थंड करत होत्या त्या! आता कळव तुझ्या लेकीला. पत्रानं!" आणि विजयाच्या थकव्यानं ते आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले.

काकू डबीसमोर उभ्या राहिल्या. डबी म्हणत होती एकोणीस, पाणी म्हणत होतं सव्वीस, आणि लाल दिवा अजून जळतच होता. त्यांनी काळ्या वायरीवर बोट ठेवलं आणि बोट पुढे पुढे नेत गेल्या. बोट पेटीच्या मागे जाऊन थांबलं. त्यांनी पेटीला हात लावला. रोज दिवा लावून फडका मारताना ती कशी कोमट लागायची, ते त्यांना आठवलं. तीन दिवस तो शेंगदाणा त्या उबेत पाठ शेकत पडला होता, आणि आज पेटी थंड पडल्यावर त्याला वाटत होतं, सगळं जगच गारठलंय.

काकूंनी वायर सोडवली, टोपी टाकीच्या कोपऱ्यात जाळीमागे नीट पाण्यात सोडली आणि जवळ आलेल्या माशाला बोट दाखवून बजावलं, "याला तोंड लावलंस तर दाणे बंद." मग कमरेचा खडू काढला, पेटीमागच्या लाकडावर काहीतरी केलं, प्लग लावला आणि चहा ठेवायला गेल्या.

खडूसाहेब उठून बाहेर आले. डबी सव्वीस. थर्मामीटर सव्वीस. दिवा विझलेला. चेहऱ्यावर समाधान पसरणार, तेवढ्यात पेटीवरचे हिरवे दिवे लुकलुकताना दिसले.

"कोणी लावलं हे? परत मासा मारायचाय का?" ते तरातरा गेले आणि प्लग उपटायला पेटीमागे वाकले.

मागे लाकडावर, जिथे वायर खोचली होती नेमक्या तिथे, एक लाल गोल होता. त्यात फुली.

खडूसाहेब वाकलेलेच राहिले. मग त्यांची नजर काळ्या वायरीवरून सावकाश वर चढत टाकीच्या कोपऱ्यापर्यंत गेली. स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज होत होता. काकू काहीच बोलत नव्हत्या. ज्याचं काम त्याला कळतं.

ते सरळ झाले. टेबलाशी जाऊन तिन्ही थर्मामीटर उचलले आणि रुमालानं एकेकावरची फुली पुसली. मग चपला पायात सरकवल्या.

"चहा झालाय. कुठे निघालात?" काकूंनी दारात येऊन विचारलं.

"कुकरची रिंग आणायला," ते पाठमोरेच म्हणाले. चाळीस वर्षं कारखान्यात बोलत तितक्या हळू.

"तात्पुरती?"

खडूसाहेबांचे कान लाल झाले.

"कायमची," ते म्हणाले आणि जिना उतरू लागले.