अंगणातला तलाव

"यंदाचं कीर्तन माया अंगणात, अन् आमची दुर्पता पयल्या रांगेत!" असं उमरावभाऊंनी देवळासमोर चार माणसांत जाहीर केलं, तेव्हा त्या अंगणात फक्त खड्डे होते आणि एक म्हैस.

त्यांच्या बायकोचे, दुर्पताबाईंचे गुडघे गेले आणि त्यांचं कीर्तनाला जाणं सुटलं. खाली सतरंजीवर बसता येईना. सारा गाव खाली बसलेला असताना आपण एकटीनेच खुर्ची टाकून बुवांसमोर बसायचं, हे मनाला पटेना. मग त्या घरी बसून देवळाच्या बॅटरीवरच्या भोंग्यावर ऐकत. वारा फिरला की भोंगा अर्धी कथा गिळून टाके. राहिलेली अर्धी उमरावभाऊ घरी येऊन सांगत, पण त्यांना काही कथा सांगता येत नसे. ते सरळ शेवटच सांगत. "भक्ताले देव भेटला," म्हणत आणि पानावर बसत.

बायको कथेच्या मधल्या भागाला मुकते आहे, हे या भल्या माणसाच्या मनाला फार लागलं होतं. म्हणून त्यांनी बेत केला. अंगणात पक्की सिमेंटची जमीन करायची आणि भिंतीला लागून चांगला उंच, लांब ओटा बांधायचा. गावातल्या साऱ्या म्हाताऱ्या ओट्यावर बसल्या की दुर्पताबाईंना संकोच कसला?

कामाला जवळच्या अर्जुनीचा मिस्त्री चालला असता. पण उमरावभाऊंनी थेट गोंदियाहून हिमांशू नावाचा ठेकेदार आणला. त्याच्या मोबाईलमध्ये एकेक अंगण असं होतं, की बघणाऱ्याने चप्पल बाहेर काढावी. झुले, छत्र्या, दिव्यांच्या माळा!

"काकाजी, ये देखो, आउटडोअर सिटिंग. इथं साहेब लोक येऊन बसतील."

"साहेब नाई रे बाबू, बाया बसतीन. अन् बुवा उभे रायतीन."

"सब बैठेंगे काकाजी, टेन्शन नका घेऊ."

हिमांशूने ओटा बांधला, रेतीचा ढीग टाकला आणि नाहीसा झाला. फोन केला की म्हणे, "बस, निघूनच राहिलो." तो इतके दिवस निघून राहिला, की रेतीच्या ढिगावर मांजर व्याली. शेवटी कीर्तन दोन दिवसांवर आलं तेव्हा तो उगवला आणि दुपारपर्यंत सिमेंटची जमीन ओतून मोकळा झाला.

गाडीला किक मारता मारता म्हणाला, "काकाजी, आता तराई बराबर करा. कडेने मातीचा बांध घाला अन् पाणी भरून ठेवा. नाहीतर तडे जातील. पाणी हलू द्यायचं नाही."

त्याला म्हणायचं होतं बोटभर पाणी. पण हे तो सांगत कोणाला होता? उमरावभाऊंच्या वाडवडिलांनी गावचा तलाव बांधलेला. त्यांच्यापुढे पाणी अडवायची भाषा! त्यांनी बैलगाडीने तलावातली चिकण माती आणली. पायांनी तुडवली, थरावर थर चोपला. दिवस मावळायच्या आत अंगणाच्या तिन्ही बाजूंनी मांडीभर उंच पाळ उभी राहिली, चौथ्या बाजूला ओटा होताच. मग मोटर सुरू केली.

"जास्त नाई झालं का जी?" ओट्यावरून दुर्पताबाईंनी विचारलं.

"पाण्याचं मले नको शिकवू."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बकारामची बदकं आली आणि परत जायचं नाव घेईनात. दुपारी एक शेतकरी पाळीवर उकिडवा बसून विचारू लागला, "उमरावभाऊ, उन्हाळी धानाले पाणी कधी सोडता?"

त्यावर उमरावभाऊ हसले. पण कीर्तनाच्या दिवशी पाणी काढायला गेले तेव्हा त्यांचं हसू मावळलं. तलावाला पाणी सोडायचं दार असतं, त्याला तिकडे तुडूम म्हणतात. वाडवडिलांनी आपल्या तलावाला तुडूम ठेवलं. उमरावभाऊंनी ठेवलं नव्हतं. पाणी हलू द्यायचं नव्हतं ना! मोटरने उपसावं तर लाईन गेलेली. त्यांनी कुदळ उचलली, तर उताराच्या बाजूला बकाराम हात पसरून उभा.

"ठेवा ते कुदळ. खाली माये धानाचे पुंजणे रचून हायत. सारे भिजतीन."

"मंग कोणीकडून फोडू?"

"मले काय इचारता? पाण्याचं तुमाले शिकवाचं हाय का?"

हिमांशूला फोन लावला. "बस, निघूनच राहिलो," तो म्हणाला.

बादल्यांनी उपसता उपसता संध्याकाळ झाली, पाणी चार बोटंही उतरलं नाही, आणि बुवांची जीप दारात आली. बुवा उतरले, बघत राहिले.

"उमरावराव, कीर्तन अंगणात आहे म्हणाला होतात."

"अंगणच हाय महाराज," उमरावभाऊंनी हातातली बादली खाली ठेवली. "खाली हाय."

जमलेले लोक सतरंज्या गुंडाळून देवळाकडे निघाले. दुर्पताबाई नवं लुगडं नेसून दुपारपासून ओट्यावर बसल्या होत्या. गुडघ्यावर हात टेकत त्या उठू लागल्या. "जाऊ द्या जी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "भोंगा हाय ना."

हे बुवांनी ऐकलं. त्यांनी पाळीवर पाय दाबून पाहिला.

"पक्की आहे का?"

"महाराज, म्हैस चालली तरी ढासळनार नाई."

बुवा धोतर सावरत पाळीवर चढले, मागे पखवाजवाला, टाळकरी. सतरंज्या परत आल्या, गाव पाळीवर बसला. म्हाताऱ्या ओट्यावर रांगेने बसल्या आणि एकीचं बघून दुसरीने, सगळ्यांनी पाय पाण्यात सोडले. दुर्पताबाई मधोमध. त्यांच्या आणि बुवांच्या मध्ये पाण्याशिवाय कोणी नाही.

काय सांगावं तो रंग! पाण्यावरून येणारा आवाज, भोंग्याने न गिळलेला. बुवांनी भवसागराचाच विषय घेतला. नामाची नाव वल्हवत श्रोत्यांना अगदी मध्यावर आणलं, आणि तेवढ्यात दावं तोडून म्हैस आली. पाळ चढली, सावकाश पाण्यात उतरली आणि देवाचं नाव घेतल्यासारखे डोळे मिटून बसली. पाणी काठावरून उसळलं. बुवा कमरेपर्यंत भिजले. पखवाजवाल्याने पखवाज छातीशी धरला, पण ताल सोडला नाही.

"हिला विचारा," बुवा म्हणाले, "सागराचं भय वाटतं का!"

गाव हसून हसून लोटपोट झाला. दुर्पताबाई मात्र रडत होत्या, आणि हसतही होत्या. कथेचा मधला भाग इतका गोड असतो, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

दोन दिवसांनी लाईन आली, मोटरने पाणी उपसलं. खाली जमीन अशी झाली होती, की एक तडा शोधून मिळेना. उमरावभाऊंनी छाती फुगवून बायकोला हाक मारली. दुर्पताबाई कोरड्या, चकचकीत अंगणाकडे बघत राहिल्या.

"चांगलं झालं जी. पन त्या रातीपासून माये गुडघे हलके हायत. पुढच्या सालीही पानी भरजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बकारामने पाहिलं, तर उमरावभाऊ पाळीत तुडूम बसवत होते. आणि पलीकडच्या कोपऱ्यात, म्हशीला उतरायला सोपं जावं म्हणून, पाळ थोडी उतरती करून ठेवली होती.