पास्ता, अबोला आणि आईची कवळी

पास्ता करायला अक्कल लागत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो! चिकन, मशरूम, दूध, लोणी, मैदा, क्रीम, चीज. सगळं एकत्र करायचं आणि ओव्हनमध्ये ढकलायचं. ज्याला गाडीचं टायर बदलता येतं त्याला हे यायलाच हवं, आणि मला टायर बदलता येतं. तेव्हा त्या संध्याकाळी जे झालं त्यात माझ्या स्वयंपाकाचा काडीचाही दोष नव्हता. दोष कोणाचा ते मी सांगतो, तुम्हीच ठरवा. फक्त माझ्या आईचं ऐकू नका. ती बायकोच्या पार्टीतली आहे.

सुरुवात झाली साडूच्या घरी. हा साडू म्हणजे ॲप्रन घालून पाहुण्यांसमोर मिरवणारा माणूस! जेवणं झाल्यावर त्याने स्वतः भाजलेला केक आणला. सगळ्यांनी वा वा केलं. मीही एक वा केलं. आणि तेवढ्यात माझी बायको चारचौघांत म्हणाली, "नाहीतर आमच्याकडे बघा! यांना अंडं उकडायला सांगितलं तर आधी विचारतील, पाणी कुठे असतं?"

सगळे हसले. साडू तर ॲप्रनने डोळे पुसत हसला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर उघडलं, बराच वेळ उघडंच ठेवलं, आणि त्यानंतर आमचा अबोला सुरू झाला.

आमच्याकडे अबोल्याला शिस्त असते. एकमेकांशी बोलायचं नाही म्हणजे नाही. जे काही सांगायचं ते मुलीमार्फत. मुलीला आम्ही चिमणी म्हणतो, ती कॉलेजात आहे. टेबलाच्या या टोकाला मी, त्या टोकाला बायको, मध्ये चिमणी. "चिमणे, आईला सांग, पंखा कमी कर." "चिमणे, बाबांना सांग, बटण त्यांच्याच डोक्यामागे आहे." असं चालतं. माझी आई हे सगळं एखादा सामना बघावा तसं बघत बसते.

आता बायकोचं काम सांगायला हवं. बायको दात करते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्या मापात ती प्लास्टर ओतून साचा काढते आणि त्या साच्यावर कवळ्या बसवते. मागच्या खोलीत तिची ही छोटी लॅब आहे. आईची कवळीसुद्धा तिनेच केली. मागच्या खोलीला ओल येते, ओलीने प्लास्टर वाया जातं, म्हणून प्लास्टरचा डबा स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर असतो. निळ्या झाकणाचा. त्याला हात लावायचा नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून! कारण स्वयंपाकघरात मी फक्त फ्रिजपर्यंत जातो.

तर अबोल्याला आठ दिवस झाले होते, आणि त्या दिवशी संध्याकाळी एक बडे डॉक्टर आमच्याकडे जेवायला येणार होते. भला मोठा दवाखाना, दिवसभर पेशंटची रांग, आणि स्वभाव महाकिरकिरा. जुन्या लॅबवाल्याशी त्यांचं वाजलं होतं आणि ते नवीन माणूस शोधत होते. हे काम मिळालं तर बायकोला ओल येणारी खोली सोडून नीट जागा घेता येणार होती, हाताखाली कोणीतरी ठेवता येणार होतं. तिला रात्र रात्र झोप लागत नव्हती. तिने हॉटेलात जेवण सांगून ठेवलं आणि नमुन्याच्या कवळ्या घासूनपुसून ठेवायला मागच्या खोलीत दार लावून बसली.

दुपारी घरचा फोन वाजला. हॉटेलवाला! "साहेब, संध्याकाळचं जेवण नक्की ना?"

माझं टाळकं सटकलं. माझ्या घरी पाहुणा, आणि त्याला बाहेरचं जेवण? का? तर म्हणे घरातल्या पुरुषाला पाणी कुठे असतं ते माहीत नाही!

"रद्द करा!" मी गरजलो.

"सगळंच?"

"सगळंच! इथे स्वयंपाक करणारा माणूस आहे!"

फोन आपटला आणि चिमणीला हाक मारली. "आईला जाऊन सांग, आज जेवण मी करतोय. पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वतःच्या हाताने! आणि विचार, मैदा कुठल्या डब्यात आहे."

चिमणीने कानातले हेडफोन काढले. "बाबा, मी काय पोस्ट ऑफिस आहे? सकाळपासून बारा चकरा झाल्या. मी आजपासून संपावर!"

"एवढा एकच निरोप!"

"तुम्ही दोघं एका घरात राहता. जा आणि बोला!"

आता मी जाऊन बोलायचं? मी? अपमान माझा झाला होता! मी मुकाट्याने वरच्या फळीवरचे डबे काढले. एकात साखर, एकात बिस्किटांचा चुरा, आणि निळ्या झाकणाच्या डब्यात पांढरंशुभ्र, मऊ, बारीक पीठ. मैदा नाही तर काय? मी चिमूटभर बोटांत घेऊन चोळून पाहिलं. उत्तम प्रतीचा मैदा! चाखून मात्र पाहिला नाही. कच्चा मैदा कोण चाखतं?

मोबाइलवर एक बाई पास्ता करून दाखवत होती. ती पूर्ण वेळ हसत होती. कांदा चिरतानाही हसत होती! मी कांदा चिरला तेव्हा मला ओटा दिसेना. चिकन बर्फातून काढलं ते विटेसारखं, त्याला गरम पाण्यात बुडवून शिव्या घालत सुटं केलं. मशरूमइतकी दगाबाज वस्तू तर मी आयुष्यात पाहिली नाही. ढीगभर चिरली, पातेल्यात टाकली, आणि बघता बघता ओंजळभर उरली! बाकीची गेली कुठे? बाई हसतच होती.

मग मी लोण्यावर मैदा घातला, दूध ओतलं आणि ढवळायला लागलो. बाई म्हणाली, दोन चमच्यांत सॉस दाट होईल. माझा पाण्यासारखा पातळ! अजून दोन घातले. तरी पातळ. इतक्यात आई दारात येऊन उभी राहिली.

"अरे, हॉटेलचं येणार होतं ना?"

"मी रद्द केलं!"

"सुनेला ठाऊक आहे का?"

"आम्ही बोलत नाही!"

"मग मी सांगते तिला."

"आई, तू मध्ये पडायचं नाहीस! तू माझी आई आहेस की तिची?"

"चांगली कवळी देईल त्याची," आई म्हणाली आणि टीव्ही बघायला निघून गेली.

त्या रागात मी अर्धा डबा पातेल्यात उपडा केला! आणि काय सांगू, क्षणात सॉस असा जमून आला की ज्याचं नाव ते. दाट, पांढरा, गुळगुळीत, एक गुठळी नाही! घाईघाईने त्यात क्रीम, चिकन, मशरूम आणि उकडलेला पास्ता ढकलला, काचेच्या भांड्यात ओतलं, वरून चमच्याने सपाट केलं. भिंतीला गिलावा करणाऱ्यानेसुद्धा शाबासकी दिली असती. वर चीज पसरलं आणि भांडं ओव्हनमध्ये ठेवलं. पातेलं घासायला घेतलं तर उरलेला सॉस निघेना. चमचा पातेल्यात उभा राहिला तो राहिलाच! हल्ली भांडी किती भिकार बनवतात, असं म्हणत मी ते चमच्यासकट सिंकखाली लपवलं.

डॉक्टर आले. उंच, कपाळावर कायमची आठी. बायकोने लॅब दाखवली, नमुने दाखवले. ते प्रत्येक कवळी उजेडात धरत आणि "हं" म्हणत. त्या "हं"चा अर्थ काही लागेना. बायको पुसलेलीच कवळी पुन्हा पुन्हा पुसत होती, ते मात्र मला दिसलं. रागात होतो म्हणून काय झालं, डोळे फुटले नव्हते.

सगळे टेबलाशी बसले. बायकोने इकडेतिकडे पाहिलं. "चिमणे, बाबांना विचार, हॉटेलचं जेवण कुठे ठेवलंय?"

"चिमणे, आईला सांग, हॉटेलचं रद्द केलंय! जेवण मी केलंय!"

चिमणी संपावर होती. तिने छताकडे पाहिलं. बायकोचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टरांनी एकदा बायकोकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात भलताच प्रकाश पडला. ते माझ्या कानाशी वाकले आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडले, "वास! छान! येतोय!"

मी दचकून हातातला पेला सांडला. "मला ऐकू येतं!" मीही ओरडलो.

"ऐकू येत नाही म्हणतायत," डॉक्टर हळहळून आईला म्हणाले. "किती वर्षं झाली?"

"लग्न झाल्यापासून," आई म्हणाली.

माझा नुसता भडका उडाला! पण पाहुण्यांसमोर काय बोलणार? मी तरातरा आत गेलो आणि भांडं आणलं. दोन्ही हातांनी आणावं लागलं, इतकं ते जड झालं होतं. वर चीज सोनेरी, कडेला खदखदणारं. डॉक्टरांच्या कपाळावरची आठीसुद्धा जरा सैलावली. मी ऐटीत साडूला मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि मोठा चमचा घातला.

टक्!

चमचा वाकला. मी दुसरा घेतला. टक्! मग सुरी घेतली, सुरीचं टोक मोडलं. चीज तेवढं निघून आलं आणि खाली मशरूम, चिकन आणि पास्ता जिथल्या तिथे गाडलेले दिसले. डॉक्टरांनी काट्याच्या मागच्या बाजूने त्यावर दोनदा वाजवलं आणि मान तिरकी केली.

"हा आवाज," ते म्हणाले, "माझ्या रोजच्या ओळखीचा आहे."

बायकोने डोळे मिटून घेतले. पण आई! आईला एरवी माझ्यावर विश्वास नसतो, नेमकी तेव्हाच तिची माया उफाळून आली. "असू दे रे, जरा कडक झालंय. माझ्या लेकाने पहिल्यांदा केलंय!" असं म्हणत तिने कोपऱ्यातून वर आलेली पास्त्याची एक नळी काट्याने उचकटली. ती आपल्याबरोबर भलामोठा टवका घेऊन निघाली. कोणी "आई, नको" म्हणायच्या आत तिने तो तोंडात घालून दाताखाली घेतला.

कडाड्!

आईने रुमाल तोंडाशी नेला, टवका रुमालात घेतला. टवक्याचे दोन तुकडे झाले होते आणि त्यातल्या एकात तिची वरची कवळी घट्ट रुतून बसली होती.

मी खुर्चीत कोसळलो. संपलं! बायकोचं काम गेलं, जागा गेली, सगळं गेलं, आणि वर माझ्या आईचे दात! बायको उठून उभी राहिली होती. ती काही बोलत नव्हती, आणि या वेळी तो अबोला नव्हता.

डॉक्टरांनी हात पुढे केला. आईने रुमाल दिला. त्यांनी कवळी अलगद सोडवली, पाण्याच्या पेल्यात खळबळली, खिशातून भिंग काढलं आणि दिव्याखाली धरली. एक दात बघून झाला की दुसरा. आई बोळक्या तोंडाने वाट बघत होती.

"चरा नाही," डॉक्टर म्हणाले. मग पुन्हा, मोठ्याने, "कुठे साधा चरासुद्धा नाही! दगड फोडला हिने! ही कवळी कोणाची?"

"माजी," आई म्हणाली.

"केली कोणी?"

"मी," बायको इतक्या हळू म्हणाली की चिमणीला संप मोडावा लागला. "आईने केली!" ती ओरडली.

"मग ते नमुने कशाला दाखवत बसलात? नमुने काय, सगळेच चकचकीत दाखवतात. हे आधी दाखवायचं! सोमवारपासून माझं सगळं काम तुमच्याकडे." मग त्यांनी माझ्या भांड्यावर बोट फिरवलं. "आणि हा साचा कोणी ओतला? एक बुडबुडा नाही! हात चांगला आहे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी सरळ माझ्याकडे.

"निळ्या झाकणाचा डबा?" तिने विचारलं.

"हो."

"अर्धा?"

"हो."

ती हसायला लागली. खुर्चीची पाठ धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. चिमणी हसली, आई कवळी बसवून पुन्हा पहिल्यापासून हसली, आणि डॉक्टर, ज्यांच्या कपाळावरची आठी कोणी गेलेली पाहिली नव्हती, ते हसत हसत माझ्या कानाशी येऊन ओरडले, "काही! हरकत! नाही!" शेवटी सगळ्यांनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. अंडी मी उकडली. पाणी कुठे असतं ते मला कोणीही सांगितलं नाही, ही गोष्ट लक्षात घ्यावी!

आता नवीन जागा घेतलीय. तिथे दारातच, काचेच्या कपाटात, माझा पास्ता ठेवलाय. चीज खरवडून टाकलंय, मशरूम मात्र तशीच दिसतात. येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला बायको तो दाखवते, आईचा टवका कुठून निघाला ते दाखवते, आणि मग कवळ्यांची मजबुती सांगते. धंदा जोरात आहे. माझी काही हरकत नव्हती. पण परवा साडू आला. तो कपाटासमोर उभा राहिला, काचेला नाक लावलं, आणि ॲप्रन नव्हता म्हणून शर्टाने डोळे पुसत हसला! आणि बायको त्याच्याबरोबर हसली!

म्हणून परवापासून पुन्हा अबोला आहे. या वेळी माझ्याकडून, आणि कायमचा! काल संध्याकाळी मात्र पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा मी चिमणीच्या हातापाया पडून तिला एका निरोपापुरतं कामावर घेतलं. "आईला विचार, जेवायला काय आहे?"

ती आत जाऊन आली.

"आई म्हणते, बाबांचा पास्ता आहे ना. अजून जसाच्या तसा आहे. गरम करून हवा का, ते विचारतेय."