घुबड आत आहे

मी फक्त दोन इंच आत घेणार होते. ठरलं होतं ते एवढंच.

माझी वहिनी, जोलीन, जुलैत गेली. ऑगस्टमध्ये मी ॲरिझोनाच्या वाळवंटातलं बिऱ्हाड आवरून उत्तर मिनेसोटात भावाकडे राहायला आले. कर्टिसला आणि त्याच्या सात वर्षांच्या लेकीला, मॅरेनला, आधार द्यायला. (टोस्टरमधून पाव वर आला तरी मी दचकते. पण आधार म्हणून दुसरं कुणी मिळत नव्हतं.) कर्टिस खाणीतून यायचा आणि बूटही न काढता सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडायचा. मॅरेन शाळेत जायची आणि परत यायची, बस्स. आईच्या अंत्यविधीनंतर तिने कुणाच्याही दारात पाऊल ठेवलं नव्हतं. मैत्रिणीच्या वाढदिवसालासुद्धा गेली नाही. "सगळे माझ्याकडे बघत बसतात," म्हणाली.

ऑक्टोबर लागला तसं मी धीर करून विचारलं, "हॅलोविनला जायचं ना गं आपण, सोंग घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागायला?"

"घुबड असेल तर जाईन."

"कुठलं घुबड?"

"आईचं."

शिवणाच्या कपाटात एक कागदी पिशवी निघाली. वर वहिनीच्या अक्षरात, 'मॅरेन, घुबड'. वहिनी दरवर्षी पोशाख घरीच शिवायची, तिच्या आजीच्या पद्धतीने, जुन्यापान्या कपड्यांतून. आत तपकिरी कॉर्डरॉयचं अंग होतं, त्यावर कर्टिसच्या फाटक्या शर्टांची शेकडो पिसं, टोपीवर कोटाच्या बटणांचे डोळे. सगळं झालं होतं, दोन्ही बाजू तेवढ्या शिवायच्या राहिल्या होत्या. मी ते मॅरेनच्या अंगाला लावून पाहिलं. त्यात दोन मॅरेन मावल्या असत्या, आणि वर एखादं मांजर.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. शेवटचे काही आठवडे वहिनी दुखण्यावरच्या औषधांच्या गुंगीत असायची. त्या गुंगीत बिचारीची मापं चुकली होती. आपली मुलगी केवढी आहे, हेही तिला आठवेनासं झालं होतं. कर्टिसला हे कळता कामा नये, असं मी ठरवलं. हे ओझं मी एकटी वाहणार होते. (मला इतकं थोर त्याआधी कधी वाटलं नव्हतं. नंतर तर नाहीच.)

डावीकडून दोन इंच आत घेतले, तर उजवा पंख लोंबायला लागला. उजवीकडून घेतले, तर गळा कानापर्यंत आला. गळा कापला, तर डोळे एकमेकांकडे बघायला लागले. मशीन सुरू झाली की मी दचकायची, दचकले की पाय पेडलवर दाबला जायचा, की मशीन आणखी जोरात, की मी आणखी दचकायची. एकदा तर माझी बाहीच घुबडाला शिवली गेली. आठवड्याभराने ते मॅरेनच्या अंगासरसं बसलं, अगदी इंचभरही सैल नाही. उरलेलं कापड कर्टिसच्या नजरेला पडू नये म्हणून मी पिसांसकट कचऱ्याच्या गाडीत दिलं.

एकतीस तारखेला, हॅलोविनच्या दिवशी, दुपारपासून बर्फ पडत होतं. पाचच्या सुमारास मॅरेन घुबड हातात घेऊन खाली आली. कर्टिस उठला आणि त्याने खुंटीवरून तिचा गादीएवढा जाड नारिंगी स्नोसूट काढला.

"हा आधी चढव."

मी म्हटलं, "अरे, त्यावर हिचा पोशाख कसा बसेल?"

"का नाही बसणार? इथे सगळी पोरं पोशाख असल्या सूटच्या वरूनच घालतात. जोलीनने तर मेमध्येच माप घेतलं, हा सूट घालून. पोर घामाने निथळत उभी होती."

"मला घेरी आली होती," मॅरेन म्हणाली.

मग त्याने घुबड उचलून पाहिलं.

"विनी, हे एवढंसं कसं झालं?"

"मी दुरुस्त केलं."

"काय दुरुस्त केलं?"

"मला वाटलं, तिचं चुकलं."

"जोलीनचं?"

मी मान डोलावली.

"आणि कापलेलं कापड?"

"गाडीत गेलं. मागच्या मंगळवारी."

कर्टिस जिन्याच्या पायरीवर बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले. हसतोय की रडतोय ते कळेना, म्हणून मी पाणी आणून दिलं. ते त्याने पिऊन टाकलं आणि खांदे पुन्हा हलायला लागले.

तिच्या आईच्या हातची शेवटची वस्तू मी कापून कचऱ्यात टाकली होती. आता मॅरेन वर जाऊन दार लावून घेणार, याची मी वाट बघत होते. तिने घुबड अंगात चढवलं, बटणाचे डोळे कपाळावर नीट केले आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"आत्या, आता मला वरून सूट घाल."

"अगं, मग घुबड दिसणार कसं?"

"सांगेन ना मी."

आणि तिने सांगितलं. प्रत्येक दारात. "काय झालीयस गं तू?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "घुबड. आत आहे." मग मी बर्फात गुडघे टेकून तिची चेन उघडायची, फुस्सकन पिसं बाहेर यायची, घरातली माणसं चष्मे शोधायची, आणि मॅरेन कुठलं पीस बाबाच्या कुठल्या शर्टाचं ते सांगत बसायची. माझी बोटं तिसऱ्या घरापासूनच बधिर झाली होती. मॅरेन अकरा घरं हिंडली.

बारावं घर लाहतीबाईंचं. गावातल्या निम्म्या बायकांना शिवण त्यांनी शिकवलेलं. त्यांनी मॅरेनला आत दिव्याखाली घेतलं, पिसं उलटून पाहिली आणि शिवणीवरून बोट फिरवलं.

"ही जोलीनची टीप. लाखात ओळखेन मी." मग बोट बगलेपाशी येऊन थांबलं. "आणि हे गं काय झालंय?"

"ते आत्याने शिवलंय."

लाहतीबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून त्यांनी मॅरेनलाच विचारलं, "बरं नसतं का गं तिला?"

"तसं काही नाही. कॉलेजात शिकलीय ती."

"अगं बाई. किती वर्षं?"

"चार."

लाहतीबाई हळहळल्या. त्यांनी मॅरेनच्या पिशवीत मूठभर गोळ्या टाकल्या, मग जरा विचार करून आणखी एक टाकली.

"ही तिला दे," त्या म्हणाल्या. "कागद मात्र तू काढून दे."