पुण्याचं घड्याळ

परदेशात, फेल्डहोवनच्या घरी स्वयंपाकघरात राजनने दोन घड्याळं लावली होती, एक इथलं आणि एक पुण्याचं. ऑक्टोबर संपता संपता हिवाळ्यासाठी इथलं घड्याळ तासभर मागे न्यायचं, या प्रकाराचा त्याला मनापासून राग होता.

"आता रोज पाचलाच काळोख. यात कुणाचं भलं होतं सांग मला," तो म्हणाला.

"माझं झालं की. तासभर जास्त झोपले," आई पोहे धूत म्हणाली. "उठल्याबरोबर घड्याळंही मागे केली. म्हटलं, तू रविवारचा कुठे स्टुलावर चढतोस."

आज राजनच्या जिवाला वेगळाच घोर होता. धाकटी बहीण प्रांजली शेजारच्या आइंडहोवन शहरात एकटी राहायची. तिच्यासाठी रुचिरचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा नोकरीनिमित्त इकडेच, कापेल गावात, आईवडील पुण्यात. पुण्याच्या चारला सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर भेटायचं ठरलं होतं. आधीची दोन स्थळं राजनच्या उलटतपासणीपुढे टिकली नव्हती, हे तो सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. हे स्थळ मात्र हातचं जाऊ नये, असं त्यालाही वाटत होतं.

पुण्याच्या घड्याळात चार वाजत आले, तसा तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला. दोन्ही घड्याळांत नेहमीचं साडेतीन तासांचं अंतर होतं, म्हणून तो निर्धास्त होता. मग एकदम त्याच्या लक्षात आलं, पुण्याची वेळ काही मागे जात नाही. आजपासून ते अंतर साडेचार तासांचं हवं होतं.

"आई, तू कुठलं घड्याळ मागे केलंस?"

"दोन्ही. एकच कसं करणार? हिशेब चुकला असता ना."

"अगं, पुण्यात पाच वाजले."

लॅपटॉप उघडेपर्यंत त्याने माफीची चार वाक्यं जुळवली. पडद्यावर प्रांजली आणि रुचिर दोघंच होते, कशावर तरी खिदळत. राजन तोंड उघडणार तोच रुचिरचे आईवडीलही पडद्यावर आले.

"माफ करा हं, तासभर उशीर झाला," वडील ओशाळून म्हणाले. "तुमच्याकडे घड्याळं मागे गेली ना, म्हटलं आपणही तासाभराने बसावं."

राजनने आपली चारही वाक्यं गिळली. "चालायचंच हो," तो मोठ्या मनाने म्हणाला आणि बहिणीकडे वळला. "प्रांजली, तू तरी फोन करायचा मला."

"मुद्दामच नाही केला, दादा. आम्ही वेळेवर होतो. तासभर निवांत बोललो. आमचं ठरलंय."

"ठरलं? आणि मला जे विचारायचं होतं ते?"

आईने त्याला कोपराने बाजूला सारलं आणि पदर सावरून कॅमेऱ्यासमोर बसली.

"तू पोह्यांना फोडणी घाल," ती म्हणाली. "तारखेचं मी विचारते."