अस्सल लोकरीचा कोट आणि ब्लिचिंगची बादली

पिवळ्याचं पांढरं करणं हा माझ्या हातचा मळ आहे, असं मी घरात जाहीर केलं. आईने माझ्या हातांकडे नीट बघितलं.

प्रसंग बाबांच्या निरोप समारंभाचा. संध्याकाळी ऑफिसात भाषणं, फोटो वगैरे. त्यासाठी बाबांचा एकुलता एक पांढरा शर्ट कपाटातून बाहेर आला, तो लिंबाच्या रंगाचा होऊन!

"लाँड्रीत टाक," आई म्हणाली.

"लाँड्री कशाला? ताईची पावडर आहे ना!"

माझी ताई पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आहे. टाकी धुवायला तिने ब्लिचिंग पावडरचा डबा आणून ठेवलाय. विरलेल्या कोरड्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडला की ही पावडर तयार होते म्हणे. म्हणजे दिसायला चुना, वासाला पोहण्याचा तलाव आणि स्वभावाने आमची आत्या. जिथे जाईल तिथला रंग उडवणार!

"झाकण घट्ट लाव," ताईने बजावलं. "नाहीतर क्लोरीन उडून जातो आणि हातात उरतो चुना. आणि बादलीला एक चमचा. शर्ट लगेच बाहेर काढ."

मी चमचाच घेतला. आता तो वाढायचा निघाला, यात माझा काय दोष?

"ताई, यात संडासाचं ॲसिड घालू का? लवकर होईल!"

ताई धावतच आली. "घाल! विषारी वायू निघेल. मग आज दोन निरोप समारंभ उरकू!"

आता माझं कुतूहल चाळवलं. "मग हे नुसता रंगच खातं की आणखी काही?"

"लोकर, रेशीम तर अख्खं खातं. लोकर म्हणजे शेवटी केसच ना."

मी कंगव्यातले केस काढले आणि वाटीभर त्याच पाण्यात टाकून ठेवले. काही वेळाने बघतो तर केस गायब! इतक्या सफाईने केस जाताना मी फक्त काकांचे पाहिले होते.

मी खुशीत आंघोळीला गेलो. शर्टाची बादली कोपऱ्यात होती. तिच्या वर, वाफेने चुण्या जाव्यात म्हणून, आईने कोट टांगला होता.

तो कोट! लग्नात आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, जावयाला दिलेला. काळा, अस्सल लोकरीचा. आमच्या घरातलं प्रत्येक भांडण या कोटापाशी संपतं. बाबा विचारतात, "तुझ्या माहेरच्यांनी दिलं काय?" आई म्हणते, "लोकरीचा कोट!" आणि बाबा पेपर उघडतात. आज आजोबाही येणार होते. जावई निवृत्त होतोय हे निमित्त, खरं तर कोटाची भेट घ्यायला!

डोळ्यांत साबण गेला म्हणून मी चाचपडत टॉवेल ओढला. शेजारी 'डुबुक' असं काहीतरी झालं. शर्टाने कूस बदलली असेल, असं समजून मी चहा प्यायला गेलो. चांगला दोन कप प्यायलो, वर पेपरही वाचला. परत येऊन बघतो तर हँगर मोकळा!

डोळ्यांपुढे वाटीतले केस आले. "ताई! कोट विरघळला!"

दोघांनी मिळून कोट उपसला. धुतला, झटकला, उजेडात धरला. कोळशासारखा काळा! एक धागा हललेला नाही!

"वाचलो!" मी नाचायलाच लागलो.

ताई नाचली नाही. "गाढवा, कोट वाचला म्हणजेच आपण मेलो. लोकर असती तर वाचला असता का?"

मी नाचता नाचता एका पायावर थांबलो.

"पॉलिएस्टर!" ती कुजबुजली. शेजारच्यांचं लफडं सांगावं तशी.

एकच गोष्ट उडाली होती. कॉलरच्या आत कापडाची छोटी पट्टी होती, तिच्यावरचे 'शुद्ध लोकर' हे शब्द. पट्टी कोरी! म्हणजे कोटात जेवढी लोकर होती, तेवढी बरोबर गेली होती.

बाबांना कळलं तर इतक्या वर्षांची भांडणं व्याजासकट परत येणार. आणि आईला कळलं तर... आईला कळून चालणारच नव्हतं.

"कोऱ्या पट्टीपाशी थोडा जाळू का? इस्त्रीचा अपघात म्हणून?"

"लोकर केसासारखी जळते, हा मेणासारखा वितळेल. पुन्हा पकडले जाऊ!"

कोट कसाही करून खरं बोलायला टपला होता. पंख्याखाली टाकला तर बघता बघता कोरडा!

"इतक्यात वाळला?" आईने विचारलं.

"अस्सल आहे ना, आई."

आईची मान दोन बोटं उंच झाली. "ऐकलंत का?" तिने आत बाबांना आवाज दिला. बाबांनी ऐकलं नाही. सवयीने.

आणि शर्ट? तो बादलीतच होता. दुपारपर्यंत! निघाला मात्र असा पांढरा, की बघताना डोळे मिचकावावे लागले. इस्त्री करताना जरासा पापडासारखा कुरकुरला, पण मी कौतुकाकडे लक्ष दिलं. बाबांनी तो चढवला, आरशात बघून खूश झाले आणि बुटाची नाडी बांधायला वाकले.

टर्रर्र!

कॉलरपासून कमरेपर्यंत शर्टाची पाठ उघडी! तेवढ्यात दारातून आजोबांचा आवाज. "जावईबापू, निघायचं ना?"

ताईने झटक्यात बाबांच्या अंगात कोट घातला आणि सगळी बटणं लावली. "बाबा, काही झालं तरी हा काढायचा नाही."

"का? मागे काय झालंय?"

"मागे काही उरलेलंच नाही."

हॉलमध्ये भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं. साहेबांनी स्वतःचा कोट काढला. बाकीच्यांनी बाह्या दुमडल्या. बाबा मात्र घामाने निथळत ताठ उभे.

"अहो, काढा तो कोट!" साहेब म्हणाले.

"नाही!" बाबा दचकून ओरडले आणि दोन्ही हातांनी कोट घट्ट धरला. "हा... हा माझ्या सासऱ्यांनी दिलाय!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. शेजारी बसलेल्या आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं क्लोरीनमुळेही असेल. आई तर बाबांकडे अशी बघत होती, की मी आणि ताईने उगाच पंख्यांकडे पाहिलं.

आजोबांनी माझा हात घट्ट धरला. "बघितलंस? ही अस्सल लोकर! तुझ्या लग्नात तुलाही देणार. त्याच दुकानातला!"

"आजोबा," मी म्हणालो, "जमलं तर शर्टही त्याच लोकरीचा द्या."