थांबा, आतून येऊन राह्यलं

आमचे नारायणकाका चालता चालता एकदम थांबत, उजव्या हाताचं बोट वर करत आणि डोळे मिटून म्हणत, "थांबा. आतून येऊन राह्यलं." आतून म्हणजे देवाकडून. मग तो निरोप पूर्ण येईपर्यंत जगानं जागच्या जागी उभं राहायचं. त्यांच्या बैलांना याची इतकी सवय झाली होती की, काकांनी नाक खाजवायला हात उचलला तरी गाडी थांबे.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. बोरी अरबला घर, थोडं शेत आणि बैलबाजारात दलाली. काकू लवकर गेल्या. घरात ते आणि त्यांची एकुलती एक मुलगी सुमी.

एकदा न्हाव्यानं अर्धी दाढी केली आणि काकांचं बोट वर गेलं. आतून आलं की आज बास. काका अर्ध्या दाढीनं बाजार करून आले. आमचा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तेव्हा गावात आठवडाभर चर्चा. काकांनी आत विचारून घेतलं आणि सांगितलं, "त्याले अजून कोणी कळवलं नाही." दुसरी भाकर घ्यावी का, हेही ते आतच विचारत. देवानं दुसऱ्या भाकरीला नाही म्हटल्याचं मात्र ऐकिवात नाही.

शेजारी गाड्यांची चाकं बनवणारे गफूरमिया होते. ते म्हणत, "नारायणभाऊ, तुमचा देव बडा फुरसतीवाला हाय. आमच्या अल्लाले इतका टाइम नाही बावा."

"तुमी इचारतच नाही त्याले, मिया. दिवसभर ठोकून राह्यले. त्यानं बोलावं कवा?"

मी तेव्हा यवतमाळला कचेरीत नुकताच कारकून झालो होतो. आपल्यालाही थोडं मार्गदर्शन मिळावं म्हणून मी एकदा डोळे मिटून बसलो. बऱ्याच वेळानं आतून स्पष्ट आलं, "चहा घे." मी घेतला. माझी आध्यात्मिक प्रगती तिथंच थांबली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण सुमीची दोन स्थळं याच बोटानं परत गेली. एक आर्णीचं, एक यवतमाळचं. दोन्ही चांगली. दोन्ही वेळा काकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आतून नाही म्हणते." सुमी बावीस वर्षांची झाली होती. त्या काळी हे वय लोक हळू आवाजात सांगत. अशात तिसरं स्थळ आलं. हेही गेलं तर चौथं येणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

मुलगा चांद्याकडे मास्तर होता. पाहायला आले तेव्हा बैठकीत मीही होतो. चहा झाल्यावर मुलगा स्वतःची कपबशी उचलून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवून आला. दाराआड सुमी उभी होती. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मग काय विचार आहे आपला?"

काकांचं बोट वर गेलं. मी मनात म्हटलं, आटोपलं.

काकांनी फार वेळ डोळे मिटले. पाहुण्यांना वाटलं, यजमानांना डुलकी लागली. मग डोळे उघडून त्यांनी हाक मारली, "सुमे, इकडं ये." ती येऊन शेजारी बसली. काकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, तिच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला.

बैलबाजारात भाव असेच ठरतात. दुपट्ट्याखाली बोटं दाबायची, चारचौघांना कळू द्यायचं नाही.

मुलाचे वडील ताठ झाले. "अहो, पोरगी आहे का गोऱ्हा?"

"तुमी जरा थांबा," काका म्हणाले. "एवढ्या मान्सात ते तोंडानं काय सांगन? सुमे, बरं वाटत असन तं दाब. नसन तं हात काहाडून घे."

दुपट्टा हलला. सुमीची मान खालीच होती. काकांनी दुपट्टा घडी करून परत खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "जमलं."

पाहुणे गेल्यावर ते विहिरीवर पाय धूत होते. मी विचारलं, "काका, आतून हो आलं का?"

"नाही आलं, बापू. नाहीच म्हणे. जोरात म्हणे." त्यांनी पायावर आणखी पाणी ओतलं. "मंग मले शक आला. हा आवाज मले कधी तरास कसा देत नाही? मले पायजे तेच कसं म्हणते? सुमी गेली तं मी एकटा पडतो, हे त्या दोन्ही खेपेले त्याले बरं ठाऊक होतं. देव इतका सोयीचा कसा असन? तो तं दुपट्ट्याखाली होता. असं दाबलं पोरीनं, अजून बोट दुखून राह्यलं."

लग्न झालं. सुमी चांद्याला गेली. काही महिन्यांनी मी मोटारीतून उतरून दुपारी काकांकडे गेलो, तर आतून बोलण्याचा आवाज. मला वाटलं, गफूरमिया आले असतील. पाहिलं तर काका एकटेच चुलीपुढे, भाकर थापत.

"कोणाशी बोलत होता काका?"

ते जरा ओशाळले. परातीतलं पीठ सारखं करत म्हणाले, "आता तो काई बोलत नाही रे. मीच बोलतो. सुमीचं सांगत बसतो. आयकून घेते बिचारा."